नाडीच्या तालावर वाजणारा कान

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातल्या आमच्या स्कॅन केंद्रात कळव्याहून, ऐरोलीहून एखादी पन्नाशीच्या आसपासची बाई येते आणि सांगते, की दिवसा वर्दळीत काही जाणवत नाही, पण रात्री उशीवर डोके टेकले की एकाच कानात धकधक ऐकू येते. मी तिच्या मनगटावर बोटे ठेवते आणि कानातले ठोके नाडीशी जुळतात का, ते विचारते. एकसुरी गुणगुणणारा कान वेगळा आणि नाडीबरोबर वाजणारा कान वेगळा. या दुसऱ्या प्रकारात कारण पुष्कळदा रक्तवाहिन्यांमध्ये सापडते, आणि त्यांपैकी एक, विरळ पण चुकवू नये असे कारण म्हणजे ग्लोमस ट्यूमर.

कानाच्या पडद्यामागे आणि मेंदूतले रक्त खाली नेणारी मोठी नीला कवटीतून जिथे बाहेर पडते तिथे, मज्जातंतूंच्या कडेने काही विशिष्ट पेशींचे सूक्ष्म पुंजके असतात. शरीररचनातज्ज्ञ गिल्ड यांनी 1941 साली त्यांचे वर्णन केले आणि कानाचे डॉक्टर रोझेनवासर यांनी 1945 साली त्यांतून होणारी गाठ, म्हणजेच ग्लोमस ट्यूमर, नोंदवली. ती स्त्रियांमध्ये अधिक आढळते, बहुधा कर्करोगाची नसते आणि फार सावकाश वाढते. मात्र तिच्या शेजारी आंतरकर्ण, चेहऱ्याची हालचाल घडवणारा मज्जातंतू आणि गिळण्याचे व आवाजाचे मज्जातंतू असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

तपासताना कानाच्या डॉक्टरांना पडद्यामागे लालसर ठिपका दिसतो. मला आग्रहाने सांगायचे आहे ते इथेच: स्कॅन होण्याआधी त्या ठिपक्याचा तुकडा तपासणीसाठी काढू नये. एक तर ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते आणि तिच्यातून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. दुसरे म्हणजे तो ठिपका गाठच असेल असे नाही. काही जणांत मेंदूला रक्त पुरवणारी कॅरॉटिड धमनी जन्मतःच वाट बदलून मध्यकर्णातून जाते, तर काहींमध्ये नीलेवरचे पातळ हाड नसल्याने तिचा फुगवटा पडद्यापर्यंत येतो. त्या धमनीला सुई लागली, तर जिवावर बेतते.

म्हणून सर्वप्रथम कानशिलाच्या हाडाचा हाय रिझोल्यूशन सीटी स्कॅन करावा. त्यात 0.6 मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ छेद घेतले जातात, आणि हाड पाहण्यापुरते इंजेक्शनही लागत नाही. कॉक्लियाच्या, म्हणजे आंतरकर्णातल्या शंखासारख्या ऐकण्याच्या अवयवाच्या, पहिल्या वेढ्यामुळे मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीला जो उंचवटा येतो, त्यावर लहानशी गाठ आहे आणि मध्यकर्णाचा तळ शाबूत आहे, असे दिसले तर ती गाठ कानापुरतीच असते आणि अनेकदा कानातूनच काढता येते. तळाचे हाड कुरतडल्यासारखे दिसले, तर गाठ खालच्या नीलेच्या जागेतून वर आली आहे असे समजावे आणि मग उपचारांचा सगळा विचारच बदलतो.

पुष्कळ रुग्णांच्या फाइलमध्ये मेंदूचा साधा एमआरआय असतो, त्यावर ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते आणि घरच्यांचा समज होतो की शंकेचे निरसन झाले. त्या तपासणीचे छेद जाड असतात आणि तीन-चार मिलिमीटरची गाठ त्यांतून सहज निसटते. ठोके थांबले नसतील, तर तेवढ्या अहवालावर समाधान मानू नये.

मोठ्या गाठीसाठी गॅडोलिनियम या, गाठ उठून दिसावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन देऊन केलेला एमआरआय अत्यंत उपयोगी ठरतो. दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके दिसतात. वेगाने वाहणाऱ्या रक्तामुळे उमटणाऱ्या या चित्राला आम्ही मीठ-मिरीचे चित्र म्हणतो. अशा गाठी कधी कधी एकाहून अधिक असतात, त्यामुळे त्याच वेळी मानही तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार किंवा पेसमेकर असल्यास ते आधीच सांगणे आवश्यक आहे.

गाठी अनेक असल्याची शंका असेल, तर गॅलियम-68 डोटाटेट पेट स्कॅनची मदत होते; त्यात अशा गाठींना चिकटणारे किरणोत्सर्गी औषध टोचून सगळ्या शरीराचे चित्र घेतात. हे किरणोत्सर्गी गॅलियम साधारण 68 मिनिटांत निम्मे उरते, म्हणून ते घोडबंदर रस्त्याच्या गर्दीतून लांबून आणणे परवडत नाही. बहुतेक ठिकाणी ते केंद्रातच जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून मिळवतात. अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून केलेली तपासणी, आता निदानासाठी क्वचितच लागते; मोठ्या शस्त्रक्रियेच्या एक ते तीन दिवस आधी गाठीचा रक्तपुरवठा आतून बंद करण्यासाठी ती केली जाते.

या गाठींचा कल काही कुटुंबांत आनुवंशिक असतो. एसडीएचडी नावाच्या जनुकातला दोष वडिलांकडून आला, तर आजार होण्याची शक्यता मोठी असते. म्हणून अशा रुग्णाच्या भावंडांनीही जनुकीय सल्ला घ्यावा. उतारवयात गाठ लहान असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेऐवजी ठरावीक काळाने स्कॅन करण्याचा सल्ला देतात. वाढ वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर असल्यामुळे ती लिखित अहवालावरून नव्हे, तर जुन्या आणि नव्या प्रतिमा शेजारी ठेवूनच मोजता येते. तेव्हा स्कॅनची सीडी जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी केंद्र बदलले, तर ती बरोबर घेऊन जा.