पारावर न आलेले

(परभणी जिल्ह्यातलं एक गाव. सकाळ. मारुतीचा पार.)

आबा बिडी लगेच पेटवत नाहीत. आधी दोन बोटांत फिरवतात, कानाशी धरून पान करकरतंय का बघतात, मग काडी ओढतात. वय विचारलं तर म्हणतात, "रझाकाराच्या टायमाला म्या धा-अकरा वर्साचा होतो." म्हणजे नव्वदीला टेकले.

शेजारी नातू. वय २६, तोही ओढतो. मोबाईलवर दोन दिवसांपासून मेसेज फिरतोय: सिगारेटमधी केमिकल, बिडी मात्र निसर्गाची. खाली त्यानं आपली भर घातलीय, "आमच्या आबाला बघा."

याला काय उत्तर देणार? पुरावा समोर बसून धूर सोडतोय.

आम्ही आबांना एवढंच विचारलं, तुमच्या जोडीला बिडी ओढणारे कोण कोण होते? आबा बोटांवर मोजू लागले. सुताराचा थोरला. चुलतभाऊ. खालच्या आळीतला एक, खोकून खोकून गेला. चौथ्या बोटाशी ते गप्प झाले. हातातली बिडी विझली होती.

यातलं कुणी मेसेजला उत्तर द्यायला पारावर येणार नाही. पण खरं सांगायचं तर हे चौघंही पुरावा नव्हेत. न ओढणारेही गेलेच की. मोजायचे तर दोन्हीकडचे मोजावे लागतात, आणि जिवंत असतानाच मोजायला घ्यावे लागतात.

ब्रिटनमध्ये तसं मोजलं. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी डॉक्टरांनाच विचारलं, ओढता का, किती ओढता? चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा माग पुढं ५० वर्षं काढला गेला. ओढत राहिलेले सरासरी १० वर्षं आधी गेले. याआधीच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासात डॉल यांचा पहिला संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. आकडे दुसरंच बोलू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. मला या माणसाचा भरवसा वाटतो तो इथं.

आणि ती 'निसर्गाची' बिडी? तंबाखू तिच्यात कमी असते, खरंय. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विझू नये म्हणून झुरके जोरात आणि घडीघडी मारावे लागतात. निकोटिन आणि टार काही कमी जात नाही.

घाबरवणारे मेसेजही तसेच तपासावेत. 'एका सिगारेटमागं आयुष्याची ११ मिनिटं कमी' हा नुसता भागाकार आहे: जुन्या हिशोबातली आयुष्याची सरासरी साडेसहा वर्षांची घट भागिले जन्मभराच्या सिगारेटी. रिक्षाचं मीटर नव्हे ते.

बाकी, गोंधळात कुणाचा फायदा होतो तेही बघावं. एका अमेरिकन सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात सरळ लिहिलं होतं: शंका हाच आपला माल.

"मंग आता सोडून काय उपेग?" नातवानं विचारलं. त्या डॉक्टरांत तिशीला सोडणाऱ्यांची जवळपास सगळी १० वर्षं वाचली. चाळिशीला ९, पन्नाशीला ६, साठीला ३.

आबांनी कानावरची दुसरी बिडी काढली. "आन नव्वदीला रं?"