थाळीवर न उगवणारे जंतू

(दृश्य : रामकुंड. पायऱ्यांवर गर्दी. बाटलीत पाणी भरणारा हात.)

ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी रामकुंडात येते. इथलं पाणी लोक नुसतं डोक्यावर घेत नाहीत, तीर्थ म्हणून तोंडातही घेतात. २०२७ च्या सिंहस्थात तर देशभरातून माणसं येतील. या पाण्यात कोणते जंतू जिवंत आहेत, हा प्रश्न म्हणूनच नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा आहे.

(दृश्य : प्रयोगशाळा. आगरची, म्हणजे जंतूंचं खाणं घातलेल्या जेलीची थाळी, तिच्यावर फिकट ठिपके.)

पाणी तपासायची जुनी रीत सोपी. थाळीवर पाणी पसरायचं, ती उबवायची आणि एक-दोन दिवसांनी उगवलेले ठिपके मोजायचे. पण त्याच पाण्यातले जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तर आकडा कितीतरी पट मोठा निघतो. नदीतल्या बऱ्याच जंतूंना थाळीवरचं खाणं मानवत नाही, काहींना शेजारच्या जंतूंची सोबत लागते. त्यात १९८२ साली अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने दाखवून दिलं, की कॉलऱ्याचा जंतू आणि आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू पाण्यात तग धरताना अशा अवस्थेत जातात, की जिवंत असूनही थाळीवर उगवत नाहीत. म्हणजे थाळी कोरी राहिली, तरी पाणी निर्धोक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मग जंतू न वाढवताच ओळखायचा कसा?

(दृश्य : सूक्ष्मदर्शक. हिरव्या लेझरचा ठिपका. पडद्यावर उमटणारा आलेख.)

लेझरचा बारीक ठिपका एकाच पेशीवर धरतात. पेशी साधारण एका मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश आहे त्याच रंगाचा राहतो, अगदी क्वचित प्रकाशाचा एखादा कण रंग किंचित बदलून येतो. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी टिपला तो हाच परिणाम. रेणू जसा कंप पावतो, तसा रंग सरकतो. रंग किती सरकला, ते ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात आलेखावर मांडतात. त्यात १००३ च्या आसपास टोकदार शिखर आलं, तर ते प्रथिनांच्या एका घटकाचं, म्हणजे फेनिलअ‍ॅलनिनचं. ७८५ जवळचं शिखर डीएनए-आरएनएचं.

नदीचं पाणी मात्र इतकं सरळ नसतं. शेवाळातलं हरितद्रव्य आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंश लेझर पडताच स्वतःच उजळतात, आणि पेशीचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. म्हणून पेशी आधी नीट धुवून घ्याव्या लागतात.

बहुतेक शिखरं सगळ्याच जंतूंत असतात. फरक असतो त्यांच्या उंचीच्या प्रमाणात, आणि तो डोळ्यांना कळत नाही. तिथे संगणक कामाला येतो. २०१९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३० नेहमीचे रोगजंतू अशा आलेखांवरून ८२ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखून दाखवले. पण ते सगळे थाळीवर वाढवलेले होते. जो वाढतच नाही, त्याचं नाव संगणकाला शिकवायचं कुणी?

(दृश्य : लेझरच्या चिमट्यात धरलेली पेशी.)

खरी मेहनत इथे आहे. आलेख घेतल्यावर तीच पेशी वेगळी काढतात आणि तिचा डीएनए वाचतात, तेव्हा कुठे त्या आलेखाला नाव मिळतं. ती जिवंत आहे का, हेही कळू शकतं. नमुन्यात जड पाणी मिसळतात, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी. काम चालू असलेली पेशी त्यातलं ड्युटेरियम आपल्या चरबीत आणि प्रथिनांत ओढून घेते, आणि २०४० ते २३०० या एरवी रिकाम्या पट्ट्यात नवं शिखर उठतं. मेलेल्या पेशीत ते उठत नाही.

उपाशी जंतूचा आलेख वेगळा, खाऊन-पिऊन असलेल्याचा वेगळा. त्यामुळे परदेशातला आलेखांचा साठा आणून गोदावरीचं काम भागणार नाही. पुराच्या गढूळ पाण्याचे नमुने हवेत, वैशाखातल्या संथ पाण्याचेही हवेत. शिवाय संगणकाला ‘हा ओळखीचा नाही’ असं उत्तर द्यायलाही शिकवावं लागतं. नाहीतर अनोळखी पेशीलाही तो माहितीतलंच एखादं नाव चिकटवून मोकळा होतो. ‘ओळखीचा नाही’ असं उत्तर आलेली पेशी डीएनए वाचायला सगळ्यात आधी पाठवायची.