लिव्हर ॲक्शनवर पीप साईट: रिंग घ्यायच्या आधी माशीची उंची बघा

लिव्हर ॲक्शन, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफलवर पीप साईट, म्हणजे भोकातून नेम धरायची मागची साईट घेतली, बसवली, रेंजवर गेलो आणि तिची रिंग, म्हणजे ते भोक, पार खाली टेकवली तरी गोळ्या वरच लागतायत, हे रडगाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल. आणि मग सगळे त्या साईटलाच नावं ठेवतात. पण साईट बिचारी बरोबर असते, माशी, म्हणजे बॅरलच्या टोकावरची पुढची साईट, बुटकी पडलेली असते. म्हणून आज या व्हिडिओत कुठली पीप घ्यायची, कशी बसवायची हे सगळं सांगतो, पण माशीला सोडून एकट्या रिंगचा विचार करायचा नाही हे आधीच डोक्यात ठेवा.

मुळात पीप लावायचीच कशाला? फॅक्टरीतून येते ती मागच्या साईटची खाच बॅरलवर असते, डोळ्यापासून बऱ्यापैकी लांब. खाच, माशी आणि टार्गेट या तिन्हीवर डोळा एकदम फोकस करूच शकत नाही, आणि चाळिशी लागली की खाच तर पहिली धुरकट होते. पीपमध्ये खाच गेलीच, तिच्या जागी डोळ्याजवळ एक भोक. त्या भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं, नजर फक्त माशीच्या टोकावर, डोळा आपोआप माशी मधोमध आणतो. सुरुवातीला विश्वास बसत नाही, लोक मुद्दाम रिंग आणि माशी जुळवत बसतात आणि तिथेच नेम बिघडतो. तुम्ही माशी टार्गेटवर ठेवा आणि घोडा दाबा, बास. शिवाय मागची साईट मागे सरकली की दोन साईट्समधलं अंतर वाढतं, 20 इंची बॅरलवर साधारण 16 इंचाचं 24 च्या आसपास जातं, त्यामुळे नेमातली तेवढीच चूक टार्गेटवर कमी दिसते.

आता भोक केवढं? इथे जवळपास सगळे लहान भोक उचलतात कारण काउंटरवर दिव्याखाली त्यातून सगळं रेखीव दिसतं. कागदावर, भर उन्हात, वेळ घेऊन मारायचं असेल तर घ्या की लहान. पण लिव्हर ॲक्शन हे मुळात जंगलातलं, पटकन खांद्याला लावायचं हत्यार आहे आणि शिकार पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला समोर येते, तेव्हा लहान भोकातून नुसता अंधार दिसतो. विल्यम्स एफपी किंवा लायमन 66 सारख्या साईटमध्ये मधली चकती स्क्रूसारखी फिरवून निघते, ती काढा आणि उरलेल्या मोठ्या आट्याच्या भोकातूनच बघा, त्यालाच घोस्ट रिंग म्हणतात, कडा इतकी पुसट होते की जाणवतच नाही. अचूकता फार जाईल अशी भीती वाटते, जात नाही. चकती मात्र जपून ठेवा, झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साईट जुळवताना, कामाला येते.

कुठे बसवायची ते रायफल ठरवते. मार्लिन 336 चा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट असलेला बॅरलमागचा धातूचा भाग, वरून बंद, काडतूस बाजूने बाहेर पडतं, म्हणून वरच्या बंद पाठीवर साईट झकास बसते. जुन्या विंचेस्टर 94 मध्ये काडतूस वरून उडतं, वरचा भाग मोकळाच लागतो, तिथे डाव्या बाजूला बसणारी रिसीव्हर साईट नाहीतर टँग साईट, म्हणजे रिसीव्हरच्या मागे दस्त्याच्या मानेवर बसणारी. टँगची दिसते देखणी, दोन साईट्समधलं अंतरही सगळ्यात जास्त मिळतं, पण डोळ्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे .45-70 सारख्या दणकट काडतुसावर मी ती लावणार नाही, धक्क्याने भुवईला लागू शकते. आणि रिसीव्हरवर आयती भोकं नसतील, त्यातून रायफल जुनी असेल, तर ड्रिल हातात घेऊ नका. ते काम गनस्मिथचं, आणि मूळ अवस्थेतल्या जुन्या रायफलची किंमत एका भोकाने पडते ती पडतेच.

हां, आता माशीचं गणित. दोन साईट्समधलं अंतर गुणिले गोळी किती चुकली ते, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं एकाच मापात. समजा साईट्समध्ये 24 इंच आहेत, टार्गेट 50 यार्डांवर म्हणजे 1800 इंचांवर, आणि रिंग तळाला टेकवूनही गोळी 6 इंच वर लागतेय. 24 गुणिले 6 म्हणजे 144, भागिले 1800, उत्तर 0.08 इंच, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर. आत्ताच्यापेक्षा तेवढी माशी उंच हवी. मी तर थोडी जास्तच उंच घेईन, कारण जास्तीची कानशीने घासता येते, कमी पडली तर वाढवणार कशी? आणि जमलं तर चौकोनी, सपाट तोंडाची माशी घ्या, गोल पितळी मण्यावर ऊन एका बाजूने पडलं की तीच बाजू चमकते आणि नेम तिकडे ओढला जातो.

बसवताना सगळ्यात आधी रायफल रिकामी. लिव्हर उघडा, चेंबरमध्ये बोट घालून बघा, ट्यूब मॅगझीनमधलं शेवटचं काडतूसही बाहेर आलंय ना ते बघा, आणि टेबलावर एकही जिवंत काडतूस ठेवू नका. बॅरलवरची जुनी साईट पितळी पंचने डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची, मागून बघताना बरं का, आणि नवीन काही बसवायचं तर उजवीकडून डावीकडे. रिसीव्हरवरचे भोकं बुजवणारे स्क्रू काढताना खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, ढिला घेतलात तर खाच फाटलीच समजा.

आता हे नीट बघा, कॅमेरा जवळ घेतो. साईट रिसीव्हरवर धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी हा पुढचा स्क्रू दिसतोय, याचं टोक आतमध्ये केसभर जरी बाहेर आलं तरी बोल्टला घासतं. म्हणून दोन्ही स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, एक आवळा, लिव्हर सावकाश चालवून बघा, मग दुसरा, परत लिव्हर. कुठे अडकल्यासारखं, खरखरल्यासारखं वाटलं तर तो स्क्रू काढून टोक थोडं घासा, जोर लावून लिव्हर ओढू नका. आटे ॲसिटोनने पुसून तेल पूर्ण काढा, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब, आणि एक दिवस तसंच सुकू द्या. लाल वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

झिरो करताना आधी 25 यार्ड, मग 50, तीन-तीन गोळ्यांचा ग्रुप बघूनच साईट हलवायची, एका गोळीवर नाही. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साईट हलवा, माशी हलवत असाल तर बरोबर उलट. लायमन 66 ला क्लिक आहेत, मोजत जा. साध्या विल्यम्स एफपीला नाहीत, तिथे लॉक स्क्रू सैल करून सरकवायचं आणि परत आवळायचं, आवळताना पट्टी किंचित हलते म्हणून आवळल्यावर पुन्हा ग्रुप मारून बघा. झिरो झाला की साईटच्या बुडावरून रिसीव्हरवर जाणारी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेंजवर रेघ तुटलेली दिसली तर साईट हलली, आधी स्क्रू बघायचे आणि मगच गोळी भरायची.