'कळतंय' म्हणणारे चट्टे

आशाताईंनो आणि गुरुजनहो,

कुष्ठरोग शोध मोहिमेत तुम्ही मुलांच्या अंगावरचे फिकट चट्टे बघता. चट्ट्यावर कापूस टेकवता, मूल 'कळतंय' म्हणालं की पुढचं घर गाठता. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, म्हणून तसं करता. आज मी त्या 'कळतंय'वाल्या चट्ट्यांबद्दल बोलणार आहे.

त्यातले बहुतेक साधे असतात. गालावर आले की आजी जंत म्हणते, आई कॅल्शियम म्हणते. कुठे शिबं, कुठे कोडाची सुरुवात. पण क्वचित एखाद्या लेकरात तो त्वचेचा लिम्फोमा निघतो. टी पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशी, कातडीत ठाण मांडून वाढत राहतात. हा कर्करोगच, पण मुलांत दुर्मीळ. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या ओपीडीत जागा पुरायची नाही. मुलांत त्यातला मायकोसिस फंगॉइड्स हाच प्रकार जास्त सापडतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तो बहुधा लाल न दिसता फिकट दिसतो.

बघायचं कपड्याखाली: कुल्ले, मांड्या, कंबर, पोट. पोरं लाजतात, म्हणून आईला विचारा. चट्टा कोडासारखा पांढराशुभ्र नसतो, कडा अंधूक असते, वर कधी बारीक कोंडा, कधी कातडी सुरकुतलेली. महिनोन्‌महिने हलत नाही आणि हळूहळू एकाचे चार होतात.

इथे घोळ घालते ती मेडिकलवरची ट्यूब. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत बऱ्याचदा कडक स्टिरॉइड असतं. 2018 साली अशा स्टिरॉइडवर सरकारने चिठ्ठीची सक्ती केली, पण काउंटरवर ती किती पाळली जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. स्टिरॉइडने चट्टा दबतो, आई खूश होते, आणि तपासणीचा तुकडा काढला तर त्यात धड काही दिसत नाही. म्हणून तुकड्याआधी काही आठवडे ट्यूब बंद. तुकडा म्हणजे भूल देऊन काढलेला साबुदाण्याएवढा कातडीचा कण. पहिल्या खेपेला निदान झालं नाही तर पुन्हा काढावा लागतो. डॉक्टर चुकला असं समजू नका, हा आजारच तसा लपणारा.

'फवारणीमुळे झालं का हो?' असं हमखास विचारतात. नेमकं कारण सापडलेलं नाही. पण पॅरिसच्या अलिबेर नावाच्या डॉक्टरने हा आजार 1806 साली नोंदवला, तेव्हा आपली कीटकनाशकं कुठे होती! आणि हा संसर्गाचा आजार नाही. पोराला वर्गात वेगळं बसवू नका.

मुलांत हा बहुतेक वेळा कातडीपुरताच राहतो, वर्षानुवर्षं. मुख्य उपचार म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, 311 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश. डोळ्यांना चष्मा लावून मूल त्या दिव्यांसमोर उभं राहतं, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. दुखत नाही काही. अडचण एसटीच्या भाड्याची, बुडालेल्या रोजाची. बीड-धारूरकडे तर त्याहून मोठी: ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दिवाळीच्या सुमारास कोयता उचलून सगळं घर सांगली-कोल्हापूरकडे निघतं आणि उपचार अर्ध्यावर तुटतो. मग चट्टे परत येतात. तसे ते नीट उपचारानंतरही येऊ शकतात, म्हणून दाखवत राहावं लागतंच.

म्हणून माझं म्हणणं, जूनमध्ये शाळा उघडली की बघा. तेव्हा सापडलं तर अंबाजोगाईला, लातूरला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात चर्मरोग विभागात पाठवा; दिवाळीपर्यंत हाताशी चार-पाच महिने मिळतात. पुढे मूल आजीजवळ राहील की हंगामी वसतिगृहात, हे आईबापाशी आत्ताच बोलून ठेवा. मुकादम दारात आल्यावर ते बोलणं होत नाही.