माहेरची वाट, साडेसात हजार फुटांवरून

(दृश्य: पहाटेचं इंदूर. बिजासन टेकडी धुक्यात.)

जानेवारीतला शनिवार. सव्वासहा वाजलेत. टेकडीवरच्या देवीची घंटा ऐकू येते, देऊळ मात्र दिसत नाही. विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. ही जागा होळकर संस्थानाने निवडली, टाटांच्या विमान विभागाचा सल्ला घेऊन, १९३५ मध्ये. १९४८ च्या जुलैत इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी विमानं सुरू झाली.

आपल्याला जायचंय बडोद्याला. दांडिया बाजारात, आत्याकडे.

विमान चालवणार आहे माझी ताई. विमान म्हणजे सेसना १७२. तिचं आणि तिच्या दोन मित्रांचं, तिघांच्या सामाईकीतलं. वर पंख, पुढे एकच पंखा, आत चार सीट.

(दृश्य: आदल्या रात्रीची बैठकीची खोली. मधोमध वजनकाटा.)

चार सीट आहेत, म्हणून काकाही तयार होऊन बसले होते. पण या विमानाचं हिशोबाचं गणित सीटवर नाही, किलोवर चालतं. सगळं धरून उड्डाणाचं वजन ११५७ किलोंच्या वर जाऊ शकत नाही. रिकामं विमान साधारण ७७०. दोन्ही टाक्यांतलं जवळपास २०० लिटर इंधन म्हणजे १४४ किलो. उरले अडीचशेच्या आत-बाहेर. ताई ५८, मी ८१, कॅमेरामन ७६, त्याचं सामान १४. काका काट्यावर उभे राहिले, आकडा बघितला आणि काही न बोलता उतरले. मग म्हणाले, "मी आपला गाडीने येतो."

इंधन कमी भरता आलं असतं. पण ताई जाण्यायेण्याचं इथूनच भरून घेते. तिकडे मिळेल या भरवशावर ती निघत नाही.

(दृश्य: पंखाखाली ताई. हातात प्लॅस्टिकची पारदर्शक नळी.)

हे जवळून बघा. टाकीच्या तळातून ती थोडं इंधन काढते आणि उजेडाकडे धरते. रंग फिकट निळा. हे एव्हीगॅस, मोठ्या जेट विमानांचं इंधन वेगळं. निळा रंग मुद्दाम घातलेला असतो, चुकून दुसरं काही भरलं गेलं तर कळावं म्हणून. तळाशी पाण्याचा थेंब बसलाय का, तेही ती बघते. थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या टाकीत दव धरतं, आणि पाणी इंजिनात गेलं तर पुढचं सांगायला नको. आज थेंब नाही. गंमत अशी की हे इंधन आपल्याकडे वर्षानुवर्षं परदेशातून यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवू लागली, आणि तेही बडोद्याच्या रिफायनरीत. म्हणजे आत्याच्याच गावात.

फ्लाइट प्लॅन दिला, हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा नंबर आला. फक्त धुकं जाईना. डोळ्यांनी बघून उडायचं, तर निदान पाच किलोमीटर दिसायला हवं. आम्हाला समोरचा हँगर दिसत नव्हता. चहा झाला. पोहे झाले. परत चहा झाला. चाकं सुटली पावणेअकराला.

(दृश्य: खिडकीतून खाली. शेतं, मग लाल दगडाचा किल्ला.)

इंदूरहून बडोद्याला पट्टी लावून रेघ ओढा, ती जवळजवळ धारवरून जाते. होळकरांकडून निघायचं, पवारांना वरूनच रामराम करायचा आणि गायकवाडांकडे उतरायचं. खाली दिसतोय तो धारचा किल्ला. दुसरे बाजीराव १७७५ मध्ये याच किल्ल्यात जन्मले.

धार मागे पडलं की माळव्याचं पठार संपतं. झाबुआ-अलिराजपूरकडच्या टेकड्या, कोरडे नाले, मधेच एखादं तळं आरशासारखं चमकून जातं. कुणीच बोलत नाही. उजवीकडे पावागढ दिसला की बडोदा आलं समजायचं. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांवर, बडोद्याचा सव्वाशेवर. कानांना हा फरक बरोबर कळतो.

सव्वाबाराला उतरलो. दांडिया बाजारात पोहोचलो तेव्हा पहाटे पाचला गाडीने निघालेले काका जेवून पान लावत होते.

(दृश्य: रविवार. आत्याचं स्वयंपाकघर, सेव-उसळीची ताटं.)

रविवारी ताईचं लक्ष उसळीपेक्षा घड्याळावर जास्त. सूर्यास्तानंतर असं विमान हवेत ठेवायला मोजकी वीस मिनिटं असतात, आणि ताई ती धरतच नाही. त्यात आपण चाललोय पूर्वेला. इंदुरात सूर्य बडोद्याच्या दहा-अकरा मिनिटं आधी मावळतो, म्हणजे संध्याकाळ समोरून चालत येते. "अजून एक वाटी घे गं" या वाक्याला इथे खरोखरच मर्यादा आहे.

आणि आत्या म्हणाली, मीही येते. माहेरी. कॅमेरामन काकांच्या गाडीत गेला, त्याची सीट तिला मिळाली.

"हे एवढंच? रिक्षाला पंख लावल्यासारखं दिसतंय की!"

बसण्याआधी तिने ताईच्या हातात पाचशेची नोट दिली, तिकिटाची. ताईकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे, त्यावर कुणाकडून भाडं घेता येत नाही. तिने नोट परत केली. आत्याने ती ताईच्याच खिशात कोंबली. "मग खाऊला ठेव."

जाताना साडेसहा हजार फुटांवर होतो, येताना साडेसात. पूर्वेला जाणाऱ्यांचे आणि पश्चिमेला जाणाऱ्यांचे थर वेगळे असतात, समोरासमोर येऊ नये म्हणून. पावागढ डाव्या हाताला आला तेव्हा आत्याने कालिकामातेला हात जोडले. मग बराच वेळ ती नाक काचेला लावून बसली होती. आयुष्यभर तिने ही वाट अवंतिका एक्स्प्रेसने केली, रतलाम-उज्जैनचा वळसा घालून, बहुतेक अंधारात.

"मधे एवढं रान आहे होय?" एवढंच म्हणाली.

वारा पाठीशी होता. पाचच्या आत बिजासनचं देऊळ दिसलं, या वेळी स्वच्छ.

(दृश्य: इंदूरचं घर. रात्र. दारावरची बेल.)

काका पोहोचले साडेदहाला. दार आत्याने उघडलं.

"ये रे, दमलास ना? पानं घेतलीयेत. हात धू आधी."