बुद्धिबळाचा डाव संपला की इंजिनला हात लावू नका

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये फिरून फिरून एकच प्रश्न येतोय. "रोज पन्नास पझल सोडवतो, रोज डाव खेळतो, तरी रेटिंग बाराशेच्या आसपासच घुटमळतंय. करू काय?" आज त्याचंच उत्तर.

जे सगळ्यांना माहीत आहे ते आधी उरकून टाकू. पझल रोज सोडवा, पण कमी सोडवा आणि चालींची पूर्ण ओळ डोक्यात दिसल्याशिवाय पहिली चाल खेळू नका. अंदाजाने मोहरं हलवून लाल-हिरवं बघणं म्हणजे सराव नव्हे. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, वीस-वीस चाली पाठ करू नका, समोरचा पाचव्या चालीलाच वाट सोडतो. नुसते राजा आणि प्यादी उरतात ते शेवटचे टप्पे शिका. हत्ती उरलेल्या शेवटांत ल्युसेना (जिंकायची) आणि फिलिडोर (बरोबरीत सोडवायची) या दोन स्थिती तरी हातात असू द्या. आणि निदान काही डाव पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद अशा वेळेवर खेळा. झालं. हे करूनही लोक अडकतात, ते पुढच्या गोष्टीपायी.

डाव हरलात. लगेच बोट कुठे जातं? विश्लेषणाच्या बटणावर, म्हणजे इंजिनवर, चाली तपासणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमवर. बाजूची पट्टी वरखाली होते, दोन ब्लंडर (घोडचुका), तीन चुका, अचूकता अमुक टक्के. "अरे, इथे घोडा ए५ घरावर खेळायला हवा होता." पुढचा डाव सुरू. याला विश्लेषण म्हणत नाहीत. हे परीक्षेनंतर उत्तरपत्रिका न उघडता नुसते गुण बघणं झालं.

[स्क्रीनवर पट]

हा नेहमीचा डाव बघा. पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर येतो, उंट आणि घोडा दोघांचीही नजर एफ७ वर. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा ई-प्याद्याने ते प्यादं मारतो. आणि इथे काळा, विचार न करता, घोड्याने डी५ परत मारतो.

त्यावर पांढरा घोडा एफ७ वर मारतो. वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात, म्हणून राजाला तो घोडा मारावा लागतो. मग वजीर एफ३, शह. त्याच वजिराची आणि सी४ च्या उंटाची नजर डी५ च्या घोड्यावर. राजा मागे जी८ ला गेला तर उंट डी५ वर मारतो तोच शहासकट, आणि तीन-चार चालींत खेळ आटोपतो. म्हणून राजा ई६ वर, पटाच्या मधोमध, घोड्याची राखण करत उभा. पांढरा दुसरा घोडा सी३ वर आणतो आणि त्याच डी५ वर तिसरा मारा चढवतो.

इंजिन काय सांगतं? पाचवी चाल घोडा ए५. बरोबरच आहे ते. सी४ च्या उंटाला धक्का द्यायचा, प्यादं गेलं तर जाऊ द्यायचं आणि बदल्यात मोहरी झपाझप बाहेर काढायची. पण तुमची चूक "घोडा ए५ माहीत नव्हतं" ही नाहीच. तुमची चूक आहे "त्याने मारलं म्हणून मी मारलं". महिन्याभराने वेगळ्याच ओपनिंगमध्ये, वेगळ्याच घरावर तुम्ही पुन्हा तसंच मारणार, आणि तिथे हे ए५ काही कामाला येणार नाही.

एकाने विचारलं होतं, "चूक इंजिनने दाखवली काय, मी शोधली काय, फरक काय पडतो?" पडतो. चाल खेळताना डोक्यात काय होतं, हे इंजिनला कळायचा मार्गच नाही. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, तेही थोडाच वेळ. एकदा बरोबर चाल डोळ्यांसमोर आली की मन लगेच साक्ष फिरवतं: "हो हो, मी बघितली होती ती." नव्हती बघितली!

म्हणून डाव संपला की आधी वही. तीन जागा निवडा: जिथे अडलात, जिथे डाव फिरला असं वाटलं, आणि जिथे पाच सेकंदांत खेळून मोकळे झालात. घड्याळाच्या नोंदी उघडून बघा, ही तिसरी जागा तिथे आयती सापडते. प्रत्येक जागेपाशी चार रकान्यांत चार गोष्टी लिहा: कुठल्या चाली मनात आल्या, कुठली खेळलो, का, आणि समोरच्याचं उत्तर काय अपेक्षित होतं. वरच्या डावात चौथा रकाना कोरा राहतो. तोच तुमचा आजार.

मग इंजिनशिवाय, मोहरी हलवून, प्रत्येक जागेवर दहा मिनिटं घालवा. वाटलं ते लिहा, चुकीचं निघालं तरी खोडू नका.

आता लावा इंजिन. पण तीन ओळी, म्हणजे त्याच्या मते सगळ्यात चांगल्या तीन चाली, दिसतील असं सेटिंग ठेवा, एक नको. तिन्ही ओळींच्या आकड्यांत पाव-अर्ध्या प्याद्याचाच फरक असेल तर ती जागा सोडून द्या, तिथे काहीही चाललं असतं. पहिली ओळ अधिक एक (तुम्ही एका प्याद्याइतके पुढे) आणि दुसरी उणे एक (तितकेच मागे) असेल तर थांबा. तिथे एकच चाल होती. इंजिनची चाल पटली नाही तर वाद घाला: ती चाल पटावर खेळा, समोरून तुम्हाला सुचेल ते उत्तर द्या, ते कसं मोडून काढतं ते बघा. लाइचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या विश्लेषण पटावर कीबोर्डचं एक्स दाबलं की समोरच्याची धमकी बाणाने दिसते. ही सोय फार कमी लोक वापरतात, आणि वर दिल्यासारख्या डावांत सगळ्यात जास्त उपयोगी तीच आहे.

"माझी अचूकता ८९ टक्के होती तरी हरलो" म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य. चाळीस सोप्या चालींत एक घोडचूक बुडून जाते, सरासरी छान दिसते. तो आकडा बघणं सोडा.

अजून एक तक्रार असते: "इंजिन नसताना केलेलं विश्लेषण चुकीचंच असणार ना?" असणार. बोत्विन्निक १९४८ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा इंजिन नव्हतंच. स्वतःच्या डावांचं विश्लेषण करा आणि छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील, असा त्याचा आग्रह असे. चुका निघणं हाच त्यातला फायदा. आज चुका काढायला इंजिन फुकट मिळतं, पण काढायला आधी तुमचं काहीतरी लिहिलेलं लागतं.

दर डावाला वहीत शेवटी एकच ओळ: धमकी बघितली नाही, मोजताना चुकलो, घाई केली, प्लॅन नव्हता, किंवा डावाचा शेवटचा टप्पा खेळता येत नव्हता. दहा डावांनंतर मोजा. सहा वेळा "धमकी बघितली नाही" निघालं तर महिनाभर ओपनिंगचे व्हिडिओ बंद, माझेसुद्धा. प्रत्येक चालीआधी "त्याला आत्ता काय मारता येतं, कुठे शह देता येतो" एवढंच बघायचं.

ब्लिट्झवाल्यांनी रागावू नका. तीन मिनिटांचे डाव खुशाल खेळा, फक्त वहीसाठी निवडू नका. तिथे लिहायला "का" नसतोच.

पुढच्या भागात तुमचे डाव घेणार आहे. पीजीएन (डावाच्या चालींची फाइल) पाठवताना सोबत तीन जागा आणि चारही रकाने हवेत. इंजिनचा नुसता स्क्रीनशॉट आला तर उघडणार नाही.