आधी पाण्यातून काढा

नमस्कार श्रोतेहो. घरच्या शिवणकामावर दहा मिनिटं बोला, असा निरोप आला तेव्हा मी मशीनवरच बसले होते. नातीच्या झबल्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावत होते. ती लावताना मधेच उठलं की हमखास पिळवटते. तशी ती पिळवटलीच. उसवली, परत लावली, आणि मग विचार करत बसले की आपण बोलायचं काय? माझं काही टेलरिंगचं दुकान नाही, दारावर पाटी नाही. घरातल्यांचं शिवते, एवढंच. तरी म्हटलं, ज्या एका गोष्टीवरून माझी 31 वर्षं घरात चेष्टा चालली आहे ती तरी सांगू. तुमचं कापड वाचेल.

ती गोष्ट अशी, की नवं सुती कापड आधी पाण्यातून काढायचं, आणि मगच कात्री लावायची. आधी पाणी, मग कात्री. हे मी आज तीन-चारदा सांगणार आहे, कंटाळू नका.

माझी मशीन पायाची आहे. चामड्याचा पट्टा, बिडाचं स्टँड. मोटर बसवून घे, असं मुलगा दर दिवाळीला म्हणतो. मी म्हणते, लाइट गेल्यावर तुझी मोटर काय करेल? पायाच्या मशीनला आपला वेग असतो. विचार करायचा असला की पाय हळू होतो, राग आला असला की जोरात पडतो. मी कुठल्या मनःस्थितीत शिवते आहे हे आमच्या घरात आवाजावरून सगळ्यांना कळतं.

या मशीनवर काय काय होतं म्हणाल, तर झबली, टोपडी, दुपटी, परकर, उशीचे अभ्रे, देव्हाऱ्यातल्या देवांची वस्त्रं, कडक भाकरी बांधून ठेवायची फडकी, बाजाराच्या पिशव्या. मार्च लागला की सुनेला आणि भाचीला स्कूटरवर घालायचे सुती सनकोट. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात विकतचे ते टेरिकॉटचे कोट घालून पोरी अंगात भट्टी घेऊन फिरतात, मला बघवत नाही. जुनी सोलापुरी चादर विरली की तिची पायपुसणी. चादरीचं कापड जाड, म्हणून तिथं सुई अठरा नंबरची लावायची. सोळाची लावाल तर टाके सुटतील नाही तर सुई तुटेल. आणि चादर कापली की कडेला लगेच दुहेरी टीप मारायची, ती फार लवकर दशा सोडते. बाकी चादर ही पांघरायची वस्तू आहे हो. तिला भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं, पण आपल्याच घराघरांत ती आहेरातली म्हणून प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात का पडून असते? पांघरा की! टॉवेल-टोपीचंही तेच. सत्काराचा टॉवेल पुढच्या सत्काराला जातो, त्याच्यानं कुणी अंग पुसलेलं मी पाहिलं नाही.

असो. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असं आपण शाळेत शिकलो. पण 1924 साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केलं होतं. सिंगरनं बायकोला हातानं टाके घालत बसलेली बघितली आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. आमच्या घरच्यांनी मला टाके घालत बसलेली बघितली आणि आणखी चार परकर आणून दिले.

आता मूळ गोष्ट.

मी माहेरची बार्शीची. लग्न होऊन सोलापुरात आले ती उन्हाळ्यात, आणि सासरची पहिली गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, आली जानेवारीत. आमच्या घरी सिद्धरामेश्वरांचं फार. सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, दरवर्षी नंदीध्वजांबरोबर, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर, चालायचे. ध्वज पेलणाऱ्यांतले नाहीत, मागून चालणाऱ्यांतले. पण चालायचं ते बाराबंदी घालूनच. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते, बाराबंदी म्हणजे बटणं नसलेला, बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा. यात्रेत हजारो माणसं ती घालतात. रस्ता पांढराशुभ्र होतो.

तर मामांची जुनी बाराबंदी खांद्यावर विरली होती. ती शिवून देणारे शिंपी वारले होते. मामा म्हणाले, यंदा तयार आणावी लागणार. आणि मी, सहा महिन्यांचा शिवणक्लास केलेली नवी सून, चहा देता देता बोलून गेले, "मी शिवते की मामा."

सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, माझ्याकडे एकदा बघितलं. काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला तेव्हा कळत नव्हतं.

मामांनी तिसऱ्या दिवशी मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, आणला, अडीच मीटर. कोरा, करकरीत, खळीचा वास येणारा. मी जुनी बाराबंदी उसवली, कागदावर ठेवून बेतून घेतली, आणि त्याच दुपारी कात्री चालवली. पाणी नाही, काही नाही. क्लासमध्ये बाईंनी सांगितलं असणारच, पण तेव्हा आम्ही टू बाय टू नावाच्या कापडाची ब्लाउजं शिवायचो, आणि अस्तर तेवढं भिजवून घ्यायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं. मांजरपाट भिजवायचा, हे कुठून सुचणार?

शिवली मात्र छान, स्वतःचं सांगू नये तरी सांगते. सगळ्यात वेळ खातात ते बंद. बोटभर रुंदीची पट्टी कापायची, उलट्या बाजूनं दुमडून टीप घालायची, आणि मग ती सुलट करायची. सुलट करायला मी आकडा वापरते, केसांचा. पट्टीच्या एका टोकाला आकडा दोऱ्यानं टाचायचा, तो पट्टीच्या पोटात घालायचा आणि बाहेरून चिमटीनं पुढे पुढे सरकवत न्यायचा. साप कात टाकतो तशी ती पट्टी स्वतःच्याच आतून बाहेर येते. मध्येच आकडा निसटला की सगळं पहिल्यापासून. असे बारा. बाराव्या बंदापर्यंत माझी दोन्ही अंगठ्यांची नखं हुळहुळी झाली होती.

तैलाभिषेकाच्या, म्हणजे यात्रेच्या पहिल्या विधीच्या, आदल्या दिवशी सकाळी म्हटलं, देवाच्या कामाचं कापड, खडूच्या खुणा, मशीनच्या तेलाचे ठिपके असले कसे चालतील? धुतली. गरम पाण्यात धुतली! नीळ दिली, गच्चीवर वाळत घातली, संध्याकाळी इस्त्री केली आणि मामांच्या हातात दिली.

मामांनी हात घातला. बाही मनगटाच्या वरच थांबली. दुसरी तशीच. बंद बांधायला घेतले तर दोन्ही पदर एकमेकांकडे बघत उभे. त्यांनी हात वर केला तर बाराबंदी त्यांच्याबरोबर सगळी वर, आणि काखेत असा आवाज आला की मी डोळे मिटले.

मामा आरशासमोर उभे राहिले, सावकाश वळले आणि म्हणाले, "सूनबाई, माप माझं घेतलंस का समोरच्या बंड्याचं?"

मी रडायलाच लागले. उद्या सकाळी नंदीध्वज निघणार, रात्रीचे आठ वाजलेले. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हात पुसले, बाराबंदीचा काठ दोन बोटांत धरून चोळला आणि फक्त म्हणाल्या, "होगली बिडु." म्हणजे जाऊ दे. आमच्या घरात महत्त्वाचं सगळं कानडीत बोललं जायचं.

आणि मग मामांनी मला जे सांगितलं ते कुठल्या क्लासमध्ये कुणी इतकं नीट सांगितलं नसतं. मामांची सगळी नोकरी गिरणीत, साच्यांवर, म्हणजे मागांवर गेली. सोलापुरात पहिली गिरणी 1877 साली निघाली. आमची जुनी मिल. पुढच्या तीन-चार पिढ्या भोंग्यावर उठल्या-बसल्या, त्यातलेच मामा. ते म्हणाले, "बाळ, मागावर उभं सूत ताणून धरलेलं असतं. ताणलं नाही तर विणता येत नाही. तुटू नये म्हणून त्याला खळ चढवतात. कापड तयार होऊन गठ्ठ्यात बसलं तरी सूत अजून ताणातच असतं. पहिलं पाणी लागतं तेव्हा ते अंग सैल सोडतं, आणि आटतं. रुंदीपेक्षा लांबीत जास्त, कारण ताण उभ्या सुताला जास्त." आणि मग म्हणाले, "तू त्याला सैल पडू द्यायच्या आधीच कापलंस."

म्हणून म्हणते, आधी पाणी, मग कात्री. मांजरपाट, पॉपलीन, अस्तर, परकराचं सुती कापड, सगळं रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं. न पिळता निथळत टाकायचं, किंचित ओलं असताना इस्त्री करायची, आणि मगच खडू हातात घ्यायचा. दुकानदार म्हणेल, आटत नाही, गॅरंटी. म्हणू दे. भिजवल्यावर मोजून बघा. माझी त्या दिवशी लांबीत दोन इंचाची आणि बाहीत दीड इंचाची गॅरंटी गेली होती.

मग काय केलं? मांजरपाट उरलेला नव्हता, सगळा मी बेतून संपवला होता. दुकानं बंद. आत्यांनी कपाटातून मामांचं जुनं धोतर काढलं. धुऊन धुऊन पिवळसर झालेलं, लोण्यासारखं मऊ. आत्या म्हणाल्या, बाहीचं राहू दे, ते तशीही दुमडतातच. काखेत चौबगले घाल. चौबगला म्हणजे काखेतला चौकोनी तुकडा, तो शिवणीत तिरका बसवला की हात मोकळा होतो. हल्लीच्या टेलरांना शब्दही माहीत नाही. हल्लीचे टेलर उरलेलं कापड परत देत नाहीत हा वेगळाच विषय, त्याच्यावर मला बोलवा, अर्धा तास बोलेन.

तर काखा उसवल्या. चार-चार इंचांचे दोन चौकोन कापले. कडेच्या शिवणी उसवून तिथंही धोतराची दोन बोटं पट्टी घातली. पहिला चौबगला बसवला आणि लाइट गेले. मामा टॉर्च घेऊन मशीनच्या बाजूला बसले. टॉर्चचा सेल उतरलेला, म्हणून ते मधून मधून टॉर्चला चापट मारायचे. चापट मारली की उजेड हलायचा आणि माझी शिवण वाकडी जायची. आत्या अंधारात शेंगा सोलत होत्या. चटणी उखळात कुटायची होती त्यांना सकाळी. मिक्सरमधली शेंगाचटणी ही चटणी नव्हे, ते पीठ, असं त्यांचं मत होतं आणि माझंही तेच आहे.

साडेअकराला झालं. मामांनी अंगात घातली, हात वर केला, खाली केला, परत वर केला. काखेतून काही आवाज आला नाही. पण नव्या पांढऱ्या मांजरपाटात ते दोन पिवळसर चौकोन टॉर्चच्या उजेडातही दिसत होते. मी म्हटलं, "मामा, दिसतंय हो." ते म्हणाले, "हात खाली ठेवीन."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी, अक्षता सोहळा, सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा. मी आणि जाऊबाई, तो सोहळा जिथं होतो त्या संमती कट्ट्याच्या बाजूला गर्दीत अंग चोरून उभ्या. सातही नंदीध्वज आलेले. समोर नुसत्या पांढऱ्या बाराबंद्या, माणूस ओळखू येईना. जाऊबाई म्हणाल्या, मामा कुठं दिसतात का बघ. मी बघत होते, पण कुणाचं डोकं कुणाचं, काही कळेना. इतक्यात गजर झाला, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले, अक्षता उडाल्या. आणि त्या सगळ्या पांढऱ्या बगलांमध्ये दोन पिवळे चौकोन!

मी ओरडले, "ते बघा मामा!" जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांच्या मुठीतल्या अक्षता माझ्याच डोक्यावर पडल्या.

घरी आल्यावर हे मामांना सांगितलं. मला वाटलं, ओशाळतील. ते म्हणाले, "मग असू दे की. पोरं हरवली तर सांगता येईल, पिवळ्या काखेचा आजोबा शोधा." तेव्हा घरात पोरं नव्हतीसुद्धा. पुढं झाली, आणि तसंच सांगून ठेवलेलं असायचं त्यांना. दर दोन-तीन वर्षांनी मी मामांना नवी बाराबंदी शिवली. भिजवून, बरोबर मापाची, हात अगदी मोकळा. चौबगल्याची काही गरज नव्हती. तरी ते विचारायचे, "धोतर आहे ना अजून?"

मामा जाऊन 8 वर्षं झाली. आता मुलगा चालतो नंदीध्वजांबरोबर. धोतर केव्हाच संपलं, म्हणून चौबगल्याचे दोन तुकडे मी चहाच्या पाण्यात बुडवते. पाण्यात पत्ती उकळायची, गाळायची, चिमूटभर मीठ, त्यात तुकडा तासभर. लोण्याचा रंग येतो, फक्त दर धुण्याला थोडा उतरतो. मुलगा म्हणतो, "आई, लोकांना घामाचे डाग वाटतात." मी म्हणते, वाटू दे.

यात्रा आता महिन्यावर आली. वेळ संपल्याची खूण मला काचेपलीकडून केव्हाची होते आहे. घरी बादलीत पाच मीटर मांजरपाट कालपासून भिजत पडलाय, तो आत्ता जाऊन उन्हात टाकला नाही तर वास मारेल. येते. नमस्कार.